मोजा भिजल्यावर

पन्हाळा ते पावनखिंड ही चाल मी पहिल्यांदा केली तेव्हा वीस वर्षांची होते, आणि पायात कॉलेजच्या परेडसाठी घेतलेले पांढरे सुती मोजे होते. बूट मात्र निवडून घेतले होते. कोल्हापुरात दोन-तीन दुकानं पालथी घालून, तळव्याची नक्षी बोटांनी चाचपून, घालून दुकानातल्या दुकानात चार फेऱ्या मारून. मोज्यांचा विचारही मनात आला नाही. मोजे घरात होते, धुतलेले होते, तेच घातले.

जुलैचा पाऊस होता. पन्हाळ्यावर बाजीप्रभूंच्या पुतळ्याला नमस्कार करून निघालो आणि मसाई पठारावर येईपर्यंत बुटात पाणी भरलं होतं. पठारावर पाऊस वरून पडत नाही, आडवा येतो. धुक्यात पुढच्या माणसाची पाठ तेवढी दिसत होती. तासाभरात उजवा मोजा टाचेवरून घसरून खाली गेला आणि त्याची एक चुणी तळव्याच्या खळग्यात जाऊन बसली. टाचेला आधी चुणचुण झाली, मग चटका बसायला लागला. थांबावं, बूट काढावा, मोजा नीट करावा असं पन्नास वेळा वाटलं. पण रांग पुढे चालली होती, माझ्यासाठी सगळे पावसात उभे राहणार या संकोचानं मी थांबले नाही.

संध्याकाळी एका वाडीतल्या घरी मुक्काम होता. पडवीत बसून मोजा सोलला तेव्हा टाचेची कातडी त्याच्याबरोबर आली. तळवा पांढराफटक पडला होता, उकडलेल्या रताळ्यासारखा मऊ. घरच्या मावशींनी काही न बोलता चुलीवरचं कोमट पाणी आणून दिलं. दुसऱ्या दिवशी मी खिंडीपर्यंत पोचले, पण ती वाट मला आजही आठवत नाही. पांढरपाणी आठवत नाही, जंगल आठवत नाही. १६६० सालच्या आषाढात, अशाच पावसात, रात्रीच्या अंधारात सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटून महाराजांना पालखीतून घेऊन माणसं ज्या वाटेनं धावली, ती गोष्ट ऐकत मी मोठी झाले होते. त्या खिंडीत उभं राहून मी फक्त माझ्या टाचेचा विचार करत होते. याचं वाईट मला फोडापेक्षा जास्त दिवस वाटत राहिलं.

तेव्हापासून मी मोज्यांकडे गंभीरपणे बघते. आज वीसएक वर्षं सह्याद्रीत चालते आहे. नव्यानं डोंगरात यायला लागलेली मुलं बुटांबद्दल विचारतात, पाठपिशवीबद्दल विचारतात, हल्ली काठ्यांबद्दलही विचारतात. मोज्यांबद्दल कुणी विचारत नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

आधी फोड येतो कसा ते सांगते, कारण ते कळलं की पुढचं बरंचसं आपोआप कळतं. आपल्याला वाटतं की बूट कातडीवर घासतो आणि कातडी सोलवटते. खरचटणं तसं होतं, फोड तसा येत नाही. डाव्या हाताच्या पालथ्या बाजूवर उजव्या हाताचं बोट दाबून ठेवा आणि बोट न उचलता मागेपुढे हलवा. बोट घसरत नाही, कातडीच त्याच्याबरोबर हलते आणि खालचं हाड जागेवर राहतं. टाचेत प्रत्येक पावलाला हेच चालतं. हाड पुढेमागे होतं, बुटाला आणि मोज्याला चिकटलेली वरची कातडी मागे राहते, आणि मधले थर ताणले जातात. हजारो वेळा ताणले की आतल्या आत एक थर फाटतो. त्या फटीत मग हळूहळू पाणी भरतं. म्हणजे फोड दिसतो तेव्हा नुकसान होऊन गेलेलं असतं.

आणि यात ओल फार मोठं काम करते. दमट कातडी मोज्याला कोरड्या कातडीपेक्षा घट्ट धरून ठेवते, त्यामुळे ताण वाढतो. त्यात तळव्यावर घामाच्या ग्रंथी शरीरात सगळ्यात दाट असतात, तेव्हा पाऊस नसला तरी बुटातला पाय कोरडा नसतोच. सूत ही ओल पिऊन घेतं आणि धरून ठेवतं. भिजलेला सुती मोजा जड होतो, सैल होतो, घसरतो, त्याच्या चुण्या पडतात आणि तो गार पडतो. उन्हाळ्यात अंगावर सुतासारखं सुख नाही. पायात, डोंगरावर, सूत नको. या एका बाबतीत मी कुणाशीही तडजोड करत नाही.

त्या पहिल्या चालीनंतर मी शाहूवाडीला आज्जीकडे गेले होते. आज्जीनं माझी टाच बघितली आणि रागावली नाही. तिचं सगळं आयुष्य ओल्या पायांचं होतं. रोप लावणीच्या दिवसांत सकाळपासून दिवेलागणीपर्यंत ती चिखलात उभी असायची. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या व्हायच्या, कातडी पांढरी होऊन फाटायची. लावणीच्या आधी बायका हातापायांना मेंदी लावायच्या ती नटायला नव्हे, चिखल्या होऊ नयेत म्हणून. रात्री जेवणं झाली की ती चुलीपुढे बसून जुन्या लुगड्याच्या धडप्यानं एकेक बेचकं पुसायची, खोबरेल चोळायची आणि मगच आडवी व्हायची. मला म्हणाली, "दिवसभर भिजूंदे पाय, पर वलं ठिवून निजू नगंस. रातीला पाय कोरडं पायजेत."

भिंतीवरच्या खुंटीला आजोबांचं घोंगडं होतं. पावसात गुरांमागे जाताना त्याची खोळ करून ते डोक्यावरून घ्यायचे. पाणी वरच्या वर निथळायचं, आणि भिजलं तरी आत ऊब राहायची. मी विचारलं, भिजल्यावर थंडी नाही वाजायची का? आज्जी म्हणाली, "घोंगडं भिजतंय, पर गारठत न्हाई."

हे वाक्य मला कळायला बरीच वर्षं जावी लागली. पुण्यात एका दुकानात मी पहिल्यांदा मेरिनो लोकरीचा मोजा हातात घेतला. विकणारा मुलगा सांगत होता की हा उन्हाळ्यातही चालतो, पावसातही चालतो, आणि मला ते पटत नव्हतं. लोकर म्हटलं की मला टोचणारं घोंगडं आणि काश्मीरची थंडी एवढंच सुचत होतं. मग आज्जीचं वाक्य आठवलं आणि मी जोड घेतला. एका जोडाला तेव्हा माझ्या बुटांच्या जवळजवळ पाव किमतीएवढे पैसे गेले, ते मला टोचलेही.

नंतर वाचून समजून घेतलं. लोकरीच्या तंतूवर माशासारखे बारीक खवले असतात आणि त्यांच्यावर नैसर्गिक स्निग्ध थर असतो, त्यामुळे पाणी वरून ओघळून जातं. पण तंतूच्या आतला गाभा वाफ शोषतो. स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के वाफ लोकर पोटात घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही. साध्या हवेत लोकर साधारण १६ टक्के ओल धरते, सूत ८ टक्के, नायलॉन ४ आणि पॉलिएस्टर तर अर्धा टक्काही नाही. ओल शोषताना लोकरीतून थोडी उष्णताही बाहेर पडते. शिवाय तंतू नागमोडी असतो, भिजला तरी पूर्ण चपटा होत नाही, मध्ये हवा अडकून राहते. आज्जीचं "गारठत न्हाई" ते हे. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी, ती पाठीवर घ्यायला आणि अंथरायला उत्तम, पण पावलाला सोसवायची नाही. मेरिनोचा तंतू त्यामानानं फार बारीक असतो, कातडीला टोचण्याऐवजी वाकतो. मूळची स्पेनची ही मेंढी, आता बहुतेक लोकर ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची येते.

आता माझं मत. हिमालयाच्या किंवा परदेशातल्या चालींवर लिहिणारे लोक पाय कोरडा ठेवणारा मोजा शोधतात. सह्याद्रीच्या पावसाळ्यात असा मोजा अस्तित्वात नाही. जलरोधक बूट घाला, नाहीतर प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधा, दुसऱ्या ओढ्यात पाणी वरून बुटात शिरतं आणि जलरोधक बुटात शिरलेलं पाणी तर बाहेर पडायचं नावच घेत नाही. म्हणून आपण प्रश्नच वेगळा विचारायला हवा. मोजा भिजणार हे गृहीत धरायचं आणि भिजल्यावर तो कसा वागतो ते बघायचं. आकार धरतो का, घसरतो का, पाणी पिळून टाकल्यावर किती उरतं, आणि तासाभरानं पायाला तो ओला वाटतो का.

या कसोटीवर निव्वळ लोकरही पुरी उतरत नाही. नुसत्या मेरिनोचा मोजा टाचेला आणि अंगठ्याला लवकर विरतो. लोकरीत नायलॉन मिसळलेलं असेल तर तो टिकतो आणि थोडा इलास्टेन, म्हणजे ताणला जाणारा धागा, असेल तर पावलाला धरून राहतो. पाकिटावर हे प्रमाण लिहिलेलं असतं, ते वाचायचं. निम्म्याच्या आसपास लोकर, बाकी नायलॉन आणि चिमूटभर लवचीक धागा, हे मिश्रण मला सगळ्यात मानवलं आहे. लोकर परवडत नसेल तर नायलॉन-पॉलिएस्टरचा चांगला मोजाही चालतो. तो ओल धरत नाही, पटकन वाळतो. त्याला वास फार येतो, एवढं एक दिवस सहन करता येतं. सुतापेक्षा तो कधीही बरा.

जाडीचा मोह टाळावा. जाड मोजा म्हणजे जास्त गादी, जास्त आराम असं वाटतं, आणि कोरड्या थंडीत ते खरंही आहे. पण पावसात जाड मोजा जास्त पाणी धरतो, आणि बेताच्या बुटात जाड मोजा कोंबला की पाय आवळला जातो, बोटांना मुंग्या येतात. बूट घेतानाच डोंगरात घालायचा मोजा घालून बघावा, तोही संध्याकाळी, दिवसभरात पाय थोडे सुजलेले असताना. मोजा आणि बूट ही एकच वस्तू समजून घेतली तर निम्मी दुखणी टळतात.

दुकानात मी मोजा उलटा करून बघते. बोटांवरची शिवण आतून सपाट हवी. तिथं दोरीसारखा उंचवटा हाताला लागला तर तो मोजा परत ठेवते, कारण उतारावर करंगळी त्याच शिवणीवर आपटत राहते. मग टाचेचा खिसा बघते. टाचेचा खिसा टाचेवरच बसला पाहिजे. इथं मला एक मनापासूनची तक्रार आहे. आपल्याकडे 'फ्री साइज' म्हणून जे मोजे मिळतात ते पुरुषांच्या पावलांच्या मापानं बेतलेले असतात. लहान पावलाच्या बाईच्या पायात त्यांची टाच घोट्याच्या वर चढते आणि पुढे बोटांपाशी कापड गोळा होतं. कित्येक मैत्रिणी वर्षानुवर्षं फोड सोसतात आणि आपलीच कातडी नाजूक असं समजतात. त्यांनी मापाचा मोजा घालून एकदा राजगड चढून बघावा.

उंची बुटाच्या कडेच्या चार बोटं तरी वर असावी. घोट्याखालचे आखूड मोजे शहरात ठीक आहेत. घसाऱ्याच्या उतारावर त्यांच्यात पहिल्या दहा मिनिटांत खडी जाते.

आणि ऋतू बदलला की मोजा बदलतो. हे मी ऑक्टोबरात शिकले. पावसाळा सरला की सह्याद्रीच्या सोंडांवर गवत कमरेएवढं उभं असतं आणि त्याला कुसळं येतात. कुसळाचं शेपूट ओलीनं पीळ घेतं आणि सुटतं, त्या पिळानं टोक आत आत घुसत जातं. बियाणं मातीत रुजावं म्हणून निसर्गानं केलेली ती सोय आहे, पण मातीऐवजी मोजा मिळाला तरी त्याचं काम थांबत नाही. माझा लाडका लोकरीचा मोजा, आतून मऊ फंद्यांचा, रतनगडाच्या वाटेवर तासाभरात कुसळांनी भरून गेला. घरी येऊन चिमट्यानं एकेक काढत बसले, दोन संध्याकाळी गेल्या, तरी काही आत राहिलीच आणि पुढच्या वेळी टोचली. तेव्हापासून ऑक्टोबर ते डिसेंबर मी घट्ट विणीचा, गुळगुळीत, कमी लोकरीचा मोजा घालते आणि वरून पोटरीपर्यंत जाड कापडाचं आवरण बांधते. आघाड्याच्या बिया त्यावरून नुसत्या हातानं झटकता येतात.

जळवांचं गणित वेगळं. आंबोली, राधानगरी, कोयनेच्या बाजूच्या जंगलात पावसाळ्यात जळू बारीक विणीतूनही तोंड घालते, सैल विणीतून तर सरळ आत जाते. तिथं मोज्यावरून गुडघ्यापर्यंत चढवायचे कापडी जळूमोजे मिळतात, ते घ्यावेत. गावातली माणसं मीठ-तंबाखू चोळतात. पावसानं ते धुऊन जातं, मग पुन्हा चोळतात.

उन्हाळ्यात नळीच्या वाटेनं हरिश्चंद्रगड चढायचा तर पातळातला पातळ मोजा घ्यावा, एक जास्तीचा जोड जवळ ठेवावा आणि दर दोन-तीन तासांनी बूट काढून पाय वाऱ्याला द्यावेत. ज्यांना बोटांच्या मध्ये फोड येतात त्यांनी पाच बोटांचे मोजे घालून बघावेत. हातमोज्यासारखं प्रत्येक बोट वेगळं असतं, कातडी कातडीवर घासत नाही. घालायला वेळ लागतो. दुहेरी मोज्यांचं तत्त्वही साधं आहे. आत एक अगदी पातळ गुळगुळीत मोजा, वर नेहमीचा. मग घसरणं त्या दोघांच्या मध्ये होतं आणि कातडी वाचते. मला ते पावसात जमलं नाही, दोन थरांत पाणी फार राहतं. पण कळसूबाईसारख्या लोक एका दिवसात करतात त्या हिवाळी चढाईला, जिथं १६४६ मीटर उंचीच्या शिखरावरून, चढलो तेवढंच पुन्हा उतरायचं असतं आणि उतारावर पाय पुढे घसरून अंगठ्याची नखं काळी पडतात, तिथं ते फार उपयोगी पडतं. नखं मात्र आदल्या दिवशी कापू नका, दोन-तीन दिवस आधी कापा.

कितीही चांगला मोजा असला तरी एक काम त्याला करता येत नाही, ते थांबण्याचं. चुणचुण जाणवली की तिथल्या तिथं थांबायचं, बूट काढायचा, पाय पुसायचा, त्या जागेवर चिकटपट्टी लावायची, मोजा चुणी न ठेवता चढवायचा. पाच मिनिटं लागतात. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या पाण्यात उभ्या असलेल्या सैनिकांचे पाय सडायला लागले, तेव्हा ब्रिटिश सैन्यानं रोज मोजे बदलण्याचे आणि पायांना देवमाशाचं तेल चोळण्याचे हुकूम काढले. सैनिक जोडीजोडीनं एकमेकांचे पाय तपासायचे. मी आता आमच्या गटात हे करते. दुपारच्या जेवणाला सगळ्यांनी बूट काढायचे, नव्या मुलामुलींचे पाय मी स्वतः बघते. त्यांना संकोच वाटतो. वीस वर्षांची मी जो संकोच करत होते तोच. म्हणून त्यांनी विचारायची वाट मी बघत नाही.

लोकरीचा मोजा धुताना गार पाणी, सौम्य साबण, उलटा करून, आणि पिळताना जोर नको. गरम पाण्यात घुसळला तर तंतूंवरचे तेच खवले एकमेकांत अडकतात आणि मोजा आटून लहान मुलाचा होतो. बुरणूस असाच करतात, लोकर भिजवून, दाबून, तुडवून, न विणता. बुरणसाला जे हवं ते मोज्याला नको.

गेल्या आषाढात लेकीला घेऊन पुन्हा पन्हाळ्याहून निघाले. ती सोळा वर्षांची आहे. तिच्या मापाचे दोन जोड घेतले होते, एक चालण्याचा आणि एक पिशवीच्या तळाशी, दोन प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला, फक्त झोपण्याचा. मसाई पठारावर पाऊस तसाच आडवा होता. मुक्कामाच्या घरी पडवीत बसून मी तिचे पाय मांडीवर घेतले, पंचानं एकेक बेचकं पुसलं, खोबरेल चोळलं. तळवे थोडे सुरकुतले होते. फोड एकही नव्हता. कोरडे मोजे घालून ती घोंगड्यात शिरली आणि बोलता बोलता झोपली. ओले मोजे मी पिळून चुलीजवळच्या वलणीवर टाकले. पावसाळ्यात रात्रीत काही वाळत नाही हे माहीत असूनही टाकले.

सकाळी अवघड काम असतं. कोरडा जोड काढून पुन्हा प्लॅस्टिकमध्ये बांधायचा आणि कालचाच ओला मोजा चढवायचा. कोरडा जोड घालून निघालं तर तो पहिल्या ओढ्यात भिजतो आणि रात्रीला काही उरत नाही. तिनं पाय आत घातला आणि अंग शहारून म्हणाली, "आई, किती गार आहे हे!"

"दहा मिनिटं चाल. मग सांग."

बाहेर पावसाची बुरबुर होती. शेतात लावणीच्या बायका उतरल्या होत्या, डोक्यावर इरली, हातात रोपांच्या मुठी. बांधावरून, मग ओढ्यातून, मग झाडीत शिरलो. मी तिच्या मागून चालत होते आणि तिच्या पावलांकडे बघत होते, ती कुठं लंगडते का, टाच उचलून ठेवते का. लंगडत नव्हती. अर्ध्या तासानं ती मागे वळली. मला वाटलं मोज्याचं काही सांगेल.

"आई, त्या रात्री पालखी याच वाटेनं गेली ना? मग एवढ्या चिखलात खांदे कसे बदलले असतील?"